काही करत नाही तो

सुभेदार हणमंत बंडगर सकाळी पार्कात निघाले की कुत्र्याची दोरी त्यांच्या खांद्यावर असायची आणि कुत्रा कुठल्या कुठं पुढं. मग दोरी आणता कशाला, असं बायकोनं, सरलाबाईंनी, एकदा विचारलं होतं.

"लोकांना दिसाया," ते म्हणाले होते.

लोकांना दोरी दिसायची. तिच्या टोकाला कुणी नाही, हेही दिसायचं.

आलमबागच्या मागच्या अंगाला ही कॉलनी. निम्मे लोक रेल्वेचे, काही बँकेतले, काही छावणीतून निवृत्त होऊन इथंच राहिलेले. हणमंतरावांची शेवटची पोस्टिंग लखनऊची. नोकरी संपली तोवर मुलगा आदेश गुरुग्रामला लागला होता आणि जतच्या शेतात भावांची घरं उठली होती. मग इथंच दोन खोल्या आणि गच्ची असं घर झालं. सरलाबाईंनी आयुष्यभर जे केलं होतं तेच पुन्हा केलं: ट्रंका उघडल्या, पडदे आखूड केले, दूधवाला शोधला. आजवरच्या प्रत्येक गावी नवरा आधी जायचा आणि त्या मागून, मुलाचे शाळेचे दाखले आणि पिठाची चाळण घेऊन. इथं मात्र पुढं जायचं गाव नव्हतं. करमत नाही म्हणून हणमंतराव गावी गेले आणि येताना टोपलीतून पाखऱ्याला घेऊन आले.

पाखऱ्या जतचा कारवान, सशामागं धावणाऱ्या शिकारी कुत्र्यांच्या जातीचा. पोट पाठीला लागलेलं, तोंड लांब, निमुळतं, आणि पाय असे की नुसता उभा असला तरी पळतोय असं वाटावं. शेजारच्या गीता मिश्रांनी पहिल्याच दिवशी दबक्या आवाजात विचारलं होतं, "भाभीजी, इसे खाना नहीं देते क्या?" कॉलनीतल्या पोरांनी त्याचं नाव पकौड़ा करून टाकलं होतं. त्या नावालाही तो यायचा.

गावाकडं कारवान कुणी बांधत नाही. माळरान मोकळं, नजर जाईल तिथवर माणूस नाही. ससा उठला की कुत्रं सुटतं, परत येतं, उंबऱ्याबाहेर अंग टाकतं. बांधलं तर खुळं होतं, असं हणमंतरावांचे वडील म्हणत आणि हणमंतराव आता तेच म्हणत. माणसांच्या बाबतीत त्यांनी सगळी नोकरी रांगा आणि शिस्त यांत काढली. कुत्र्याच्या बाबतीत त्यांना अख्खं माळरान लागायचं. लखनऊतलं माळरान म्हणजे कॉलनीचा पार्क. मधे गवत, कडेनं फरशीची वाट, एका कोपऱ्यात झोपाळे.

सुरुवातीला लोकांना कौतुकच होतं. सुभेदार एक शीळ घालत आणि पाखऱ्या पार दुसऱ्या टोकाकडून बाणासारखा येऊन त्यांच्या डाव्या पायाशी बसे. कुणी दचकून वाटेवरून बाजूला झालं तर ते लांबूनच हात हलवत, "अरे, कुछ नहीं करता! कुछ नहीं करता ये!" आणि मागून येणाऱ्या सरलाबाई मालिनीबाईंना मराठीत सांगत, "काही करत नाही तो."

मालिनीबाई टिपणीस त्यांच्या समोरच्या गल्लीत राहत. यजमान मधुसूदन बँकेतून निवृत्त झालेले, मुलगा संकेत, सून ऋचा आणि पहिलीतली नात आर्या. कॉलनीत मराठी बोलायला या दोघीच, म्हणून पार्कातला दक्षिणेकडचा बाक त्यांचा झाला होता. हिवाळ्यात धुकं निवळलं की अख्खी कॉलनी उन्हात येऊन बसे, आणि त्या दोघी मांडीवर भांडी घेऊन मटार सोलत. पाखऱ्या जवळून गेला की मालिनीबाई पाय वर घेत.

"घाबरू नका ओ वैनी. काही करत नाही तो."

"अहो सरलाताई, हे मला कळतं. पायांना कळत नाही."

दोघी हसत. पाय मात्र वरच राहत.

जानेवारीतल्या एका रविवारी तसंच ऊन पडलं होतं. पोरं पकडापकडी खेळत होती. राज्य आलेल्या मुलाची नजर आर्यावर पडली आणि ती झोपाळ्यांकडून गवताकडं पळाली. लाल स्वेटर, दोन वेण्या, तोंडानं किंचाळणं. पाखऱ्या हणमंतरावांच्या पायाशी होता. तो उठला कधी, ते कुणी पाहिलं नाही. हणमंतरावांनी शीळ घातली. पुन्हा घातली. तिसरी शीळ इतकी मोठी होती की रस्त्यावरचा ई-रिक्षावाला थांबून बघू लागला. पाखऱ्याचे कान जणू त्याच्या अंगावर नव्हतेच. त्यानं आर्याला गाठलं, सशाला वळवतात तसा गरकन तिच्या पुढ्यात फिरला, आणि ती त्याच्यावरून उलटी होऊन फरशीच्या कडेवर हातावर पडली.

तो चावला नाही. ती पडल्यावर तो तिच्याजवळ उभा राहून शेपटी हलवत होता. पळणं संपलं म्हणजे खेळ संपला, एवढंच त्याला ठाऊक.

मालिनीबाईंच्या मांडीवरचं पातेलं खाली पडलं आणि मटारचे दाणे सगळ्या वाटेवर घरंगळले. त्या धावत गेल्या, मागून संकेत. आर्याचं मनगट भलतीकडंच वळलेलं दिसत होतं.

हणमंतराव धापा टाकत पोचले आणि पहिलं वाक्य बोलले ते हे: "दात लावलेला नाही त्यानं. बघा, कुठं दात लागलेला नाही."

संकेतला मराठी सगळं समजायचं, बोलायचा तो हिंदीच. लेकीला उचलत तो म्हणाला, "काका, मैंने दाँत की बात ही नहीं की."

ते गाडीतून दवाखान्यात गेले. लोक पांगले. सरलाबाई बाकापाशी उकिडव्या बसून मटारचे दाणे वेचत राहिल्या. कुणाचे कुठले, ते आता कळणार नव्हतं. सगळे त्यांनी मालिनीबाईंच्या पातेल्यात भरले आणि पातेलं घरी आणलं.

तीन दिवसांनी संक्रांत होती. त्यांनी पातेलं घासलं, त्यात तिळाच्या वड्या भरल्या आणि समोरच्या गल्लीत गेल्या. दार मालिनीबाईंनीच उघडलं. आत सोफ्यावर आर्या प्लास्टर घातलेला हात उशीवर ठेवून कार्टून बघत होती. सरलाबाईंना बघून तिनं पहिल्यांदा त्यांच्या मागं पाहिलं, कुत्रा आहे का ते. मग पाय पोटाशी घेतले.

मालिनीबाईंनी पातेलं घेतलं. "थांबा हं," म्हणून आत गेल्या आणि वड्या एका डब्यात घालून डबा बाहेर घेऊन आल्या.

"भांडं माझं होतं, ते ठेवलं. वड्या तुमच्या आहेत, या घ्या. आर्याचा हात बरा होऊ दे सरलाताई, मग गोड बोलू."

संक्रांतीच्या दिवशी तिळगूळ परत आलेला सरलाबाईंनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. डबा त्यांनी पदराखाली धरून घरी आणला, जसं काही चोरून आणलंय.

त्याच आठवड्यात पार्कात खुर्च्या टाकून कॉलनीची बैठक झाली. सेक्रेटरी विनय श्रीवास्तव बोलायला फार गोड माणूस. "सूबेदार साहब, आपका कुत्ता शरीफ़ है, हमने माना," ते म्हणाले. "मगर भागते हुए बच्चे को यह कौन बताए? और भागते हुए कुत्ते को कौन बताए कि वह बच्चा है?"

हणमंतराव खुर्चीत ताठ बसून होते. ठरलं ते असं की होळीपर्यंत बघायचं. कुत्रा दोरीला बांधूनच पार्कात यायचा. एकदा जरी मोकळा दिसला तरी सगळ्याच कुत्र्यांना पार्क बंद. गीता मिश्रांचा पोमेरेनियन तीन वर्षं गुमान दोरीनं चालत आला होता. त्यांनी हणमंतरावांकडं असं पाहिलं की त्यापेक्षा शिवी बरी.

घरी येऊन हणमंतरावांनी खांद्यावरची दोरी खुंटीला अडकवली.

"बांधून फिरवायचा असेल तर मी गाढव पाळीन. मयूर होळीला गावी चाललाय. त्याच्याबरोबर धाडून देतो. चारबाग स्टेशनात कुत्र्याच्या डब्याची चौकशी करतो."

मयूर त्यांचा पुतण्या, कानपूरला नोकरीला.

"गावी कोण बघणार त्याला?" सरलाबाईंनी विचारलं. "भाऊजींनी माळ विकला. आता तिथंबी रस्ता झालाय, ट्रका जातात."

"तिथं निदान कुणाची बोलणी खायला लागणार नाहीत."

"कुणाला? त्याला का तुम्हाला?"

हणमंतरावांनी टीव्ही लावला.

सरलाबाई स्वयंपाकघरात आल्या. पाखऱ्या ओट्याखाली, त्याच्या नेहमीच्या गोणपाटावर मुटकुळं करून पडला होता. थंडीत तो कुडकुडायचा म्हणून त्यांनीच त्याला जुन्या चादरीची झूल शिवली होती. भाकरी त्याच करत, तिच्यात दूध त्याच कालवत, रात्री त्याची नखं फरशीवर वाजली की जाग त्यांनाच यायची. कुत्रा नवऱ्याचा, असं सगळे म्हणत आणि त्याही म्हणत. ओट्यापाशी उभ्या असताना त्यांच्या ध्यानात आलं की हा गेला तर दिवसभर या घरात त्यांच्या पायात येणारं कुणी उरणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून गळपट्टा आणला आणि गल्लीत निघाल्या. कोपऱ्यावर मांजर दिसलं. पाखऱ्यानं ओढ घेतली नाही. त्यानं फक्त मान खाली घातली, मागं सरकला आणि पट्टा डोक्यावरून निसटून सरलाबाईंच्या हातात राहिला. कारवानाचं डोकं मानेपेक्षा बारीक. मांजर भिंतीवर, पाखऱ्या भिंतीखाली, आणि त्या रस्त्याच्या मधोमध रिकामा पट्टा धरून उभ्या. कोबीची गाडी लावलेला भाजीवाला म्हणाला, "अम्मा, कुत्ता तो रह गया, आप पट्टा घुमा रही हैं!"

गच्चीतून हणमंतराव बघत होते. त्या आल्यावर चहा पिताना ते उगीचच मिशीत हसले.

सरलाबाईंनी ट्रंक उघडली. तळाशी हणमंतरावांचा पलटणीतला रुंद खाकी पट्टा होता, कमरेला आता वीतभर कमी पडणारा. त्यांनी तो कापला. आतून मऊ फलालीन लावलं, दोन टोकांना लोखंडी कड्या घालून मधे सैल फास ठेवला, म्हणजे ओढलं की मानेला बसेल पण गळा आवळणार नाही. शिलाई मशीनची सुई दोनदा मोडली.

"ते काय फाडलंस?" हणमंतराव दारात.

"पट्टा."

"माझा?"

"तुम्हाला बसत नव्हता. त्याला बसतोय."

मग रोज दुपारी, गल्ल्या मोकळ्या असताना, त्या मागच्या बोळात जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी हाताला वळ उठले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ओढाओढ करायची नाही असं ठरवलं. पाखऱ्यानं ताण दिला की त्या नुसत्या थांबत, विजेच्या खांबासारख्या. तो ओढे, फिरे, कुईकुई करे, आणि कधीतरी मान वळवून बघे. त्यानं बघितलं की त्या चालू लागत. भाजीवाला, इस्त्रीवाला, सगळे बघत. लाजेनं पहिले काही दिवस त्यांनी पदर डोक्यावर घेतला. पण आठवड्याभरात एक गोष्ट घडली, जिची त्यांना सवय नव्हती. आजवर नवरा पुढं चालायचा, मागं बघायचाही नाही, आणि त्या गाठत राहायच्या. आता पहिल्यांदाच असं कुणीतरी होतं की त्या थांबल्या की ते थांबत होतं.

कुत्र्यानं रस्त्यात घाण केली की त्या वर्तमानपत्राच्या तुकड्यानं उचलून दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालत. हे गच्चीतून दिसल्यावर मात्र हणमंतरावांना राहवलं नाही.

"सुभेदाराची बायको रस्त्यात बसून कुत्र्याचं उचलती? काय म्हणतील लोक?"

"आदेशचं उचललं, तुमच्या आईचं अंथरुणातलं उचललं. तेव्हा लोकांनी काय म्हटलं होतं?"

ते जिना उतरले.

एका बाबतीत मात्र हणमंतरावांचं खरं निघालं. दोरीनं कितीही चालवलं तरी पाखऱ्याचं पळणं अंगात साठत राहिलं. त्यानं सोफ्याची कड फाडली, दाराची चौकट कुरतडली, संध्याकाळी गच्चीत उभा राहून तोंड वर करून रडायला लागला.

"बघ, होतोय खुळा. सांगत होतो."

"होतोय," सरलाबाई म्हणाल्या. "तुमचं बरोबर हाय. पळायला तर पायजेच त्याला. पण पोरांच्यात नाही."

हणमंतरावांना 'तुमचं बरोबर हाय' इतकं अनपेक्षित होतं की ते वाद घालायचं विसरले.

कॉलनीच्या मागं एक मॅरेज लॉन होतं. चारी बाजूंनी उंच भिंत, आत हिरवळ, कोपऱ्यात उलट्या रचलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. लग्नाची तारीख नसली की सगळं सुनसान. मालक इंद्रजित यादव तोंडात पान धरून ऐकत राहिला. मग म्हणाला, "चाची, सुबह-सुबह ले आइए, हमें क्या. बस गंदगी न हो. और पीछे की दीवार टूटी है, वह देख लीजिए, निकल गया तो हमसे न कहिएगा."

सरलाबाईंनी घरी येऊन एवढंच सांगितलं, "भिंत बघायला या. मला विटांतलं काय कळतंय."

सकाळी ते आले, हात पाठीमागं बांधून, जणू तपासणीला. मोठ्या रस्त्यावर ट्रक, टेम्पो, बसेस. लॉनच्या फाटकाशी सरलाबाई थांबल्या. कुलूप गंजलेलं होतं.

"मला दोन्ही हात लागतील. हे धरा जरा."

नाही म्हणायला वेळच नव्हता. दोरी त्यांच्या हातात आली. मागून टेम्पोनं कर्कश हॉर्न दिला, पाखऱ्या उसळला, आणि हणमंतरावांनी, कुणी न सांगता, दोरीचे दोन वेढे मनगटावर घेतले. कुलूप काही लवकर उघडलं नाही. सरलाबाईंना खूप घाई होती असंही नाही.

आत गेल्यावर फाटक लावलं, भिंतीच्या फटीपुढं खुर्च्यांची चळत लावली, आणि सोडलं. पाखऱ्या क्षणभर तसाच उभा राहिला. मग पळाला. भिंतीच्या कडेकडेनं, पोट जमिनीला टेकेल असा, चारी पाय एकदम हवेत. वळणावर गवताची माती उडत होती. हणमंतराव बघत राहिले. किती तरी वेळानं त्यांनी शीळ घातली आणि तो आला.

"इथं ऐकतोय," ते म्हणाले.

"इथं पळणारं दुसरं काही नाही."

पुढच्या खेपेला हणमंतरावांनी घमेलं, थापी आणि अर्धी पिशवी सिमेंट आणलं. पाटीभर विटा इंद्रजितनं दिल्या. सकाळभर बसून त्यांनी भिंतीची फट बुजवली. त्या दिवशी दुपारी मयूरचा फोन आला. चारबागला पार्सलच्या खिडकीवर कुत्र्याची नोंदणी आगाऊ करावी लागते, काका, मी जाऊ का?

"नको," हणमंतराव म्हणाले. "इथं भिंत बांधलीय मी." मयूरला त्यातून काय कळलं कोण जाणे. आत पोळी लाटणाऱ्या सरलाबाईंनी लाटणं क्षणभर थांबवलं आणि पुन्हा सुरू केलं.

होळीच्या आदल्या आठवड्यात दोघं पाखऱ्याला घेऊन पार्कात गेले. लॉनवर पळून आलेला असल्यानं तो निवांत होता. दोरी हणमंतरावांच्या हातात होती; खांद्यावर काहीच नव्हतं. गीता मिश्रा आपल्या पोमेरेनियनसकट समोरून आल्या, थांबल्या, खाकी पट्टा नीट पाहिला आणि म्हणाल्या, "वाह, सूबेदार साहब. कुत्ते को वर्दी पहना दी?"

"मेरी है," हणमंतराव म्हणाले. आवाजात तक्रार होती की अभिमान, ते सरलाबाईंना नक्की ठरवता आलं नाही.

तेवढ्यात फाटकातून मालिनीबाई आणि आर्या आत आल्या. प्लास्टर निघालं होतं. हात बारीक आणि पांढुरका दिसत होता. आर्यानं कुत्रा पाहिला आणि आजीच्या साडीत शिरली.

हणमंतरावांचा मोकळा हात सवयीनं वर गेला. "कुछ न..." असं तोंडात आलंही. मग तो हात खाली आला. त्यांनी दोरी आखडली, पाखऱ्याला पलीकडच्या बाजूला घेतलं, वाटेवरून खाली गवतात उतरले आणि उभे राहिले.

आर्यानं साडीतून डोकं काढलं. "दादाजी, पकड़ के रखा है ना?"

"हाँ बेटा. पकड़ रखा है."

"छोड़ोगे तो नहीं?"

"यहाँ नहीं छोड़ूँगा."

ती स्वतःच्या आणि कुत्र्याच्या मधलं अंतर डोळ्यांनी मोजत, आजीच्या पलीकडच्या बाजूनं, कडेकडेनं पुढं गेली. मालिनीबाई दक्षिणेकडच्या बाकावर बसल्या. त्यांच्या पिशवीत मटार होते. त्यांनी पिशवी स्वतःच्या आणि रिकाम्या जागेच्या मधे ठेवली.

"शेवटचे आहेत," त्या सरलाबाईंकडं न बघता म्हणाल्या. "टणक निघतील."

"उसळीला चालतात," म्हणत सरलाबाई बसल्या. भांडं एकच होतं, तेच पातेलं. दोघींनी त्यातच सोलायला घेतलं.

झोपाळ्यांपाशी पोरं जमली होती. आर्या आधी नुसती उभी राहिली. मग कुणीतरी तिला शिवलं, आणि राज्य म्हणजे राज्य, ती पळाली. लाल स्वेटर नव्हता आता, पण वेण्या त्याच.

गवतात बसलेला पाखऱ्या उठला. दोरी ताठ झाली. मालिनीबाईंचे पाय वर आले, शेंग हातातच राहिली. सरलाबाईंनी वळून पाहिलं. हणमंतराव नुसते उभे होते, खांबासारखे, ओढत नव्हते, ओरडत नव्हते. पाखऱ्या थरथरला, कुईकुई केलं, एकदा पुढं पाहिलं. मग मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं आणि हळूहळू खाली बसला.

आर्या पार दुसऱ्या टोकाच्या भिंतीला हात लावून थांबली होती. तिनंही वळून पाहिलं. कुत्रा जिथं होता तिथंच होता. ती थोडा वेळ बघत राहिली, आणि मग तिथून परत पळत निघाली, यावेळी जरा जास्तच जोरात.